मोटारीतले मूल : पाच पट्टे की बूस्टर?



या व्यासपीठावरून आम्ही यापूर्वी दोनदा बोललो आहोत. एकदा माथाडी कायद्यावर आणि एकदा किमान वेतनावर. यंदा आम्ही कळवलेला विषय वाचून चालकांपैकी एका गृहस्थांनी फोन केला आणि जरा चाचरतच विचारले, ‘साहेब, विषय लिहून घेताना आमची काही चूक तर झाली नाही ना?’ चूक झालेली नाही. हमालांच्या आणि ड्रायव्हरांच्या संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने लहान मुलांच्या कार सीटवर बोलावे हे चमत्कारिक वाटते खरे. ज्यांच्या दारात मोटार आहे त्यांनी आपापसांत सोडवायचा हा प्रश्न, असे आम्हालाही परवापरवापर्यंत वाटत होते. तो आमच्या कचेरीत कसा येऊन पडला तेवढे आधी सांगतो.

आमचा एक सभासद एका व्यापारी कुटुंबाकडे पगारी ड्रायव्हर होता. घरात दोन मुले. मुलगी पाच वर्षांची व्हायची होती, मुलगा दोन वर्षांचा. मुलगी लहान असताना घेतलेली एक कार सीट घरात होती. पाच पट्ट्यांची, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक दोन्ही मांड्यांमधून, आणि पाचही पट्टे पोटाशी एका कुलपात येऊन अडकणारे. मुलगा मोठा झाला तशी ती सीट त्याला दिली आणि मुलीसाठी बूस्टर आणला. बूस्टर म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, मूल उंच बसावे म्हणून खाली घ्यायची टणक बैठक. तिला पाठ असते किंवा नसते. हा बिनपाठीचा होता. ‘आता तू मोठी झालीस’ असे सांगितल्यावर मुलगी खूष झाली. कोणत्या घरात असे होत नाही? थोरल्याचे कपडे धाकट्याला जातात, तशी खुर्चीही गेली. वजन किती, उंची किती, हे कोणी पाहिले नाही.

साताऱ्याकडून एक लग्न उरकून मंडळी रात्री परत निघाली. मुलगी बूस्टरवर बसल्या बसल्या झोपली. झोपेत ती एका अंगाला कलली, मग खाली घसरली. खांद्यावरचा पट्टा गळ्याला काचतो म्हणून कोणी तरी मायेने तो तिच्या पाठीमागे टाकला. पुढे एक ट्रक मागचा दिवा न लावता रस्त्यातच उभा होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला, तरी गाडी जाऊन धडकलीच. धाकटा मुलगा पाच पट्ट्यांत होता. त्याला खरचटलेसुद्धा नाही. थोडा वेळ रडला आणि मग बिस्किट मागू लागला. मुलीच्या पोटावर फक्त एक लाल पट्टा उमटला होता. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, आणि तिसऱ्या दिवशी तिचे ऑपरेशन करावे लागले. आतडे फाटले होते. मुलगी वाचली, आज ती शाळेत जाते, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर तुमचे लक्ष पुढच्या बोलण्याकडे लागायचे नाही.

मालकाने ड्रायव्हरला कामावरून काढले आणि महिन्याचा पगारही अडकवून ठेवला. म्हणणे असे की, पट्टा नीट आहे की नाही हे पाहणे त्याचे काम होते. आम्ही नेहमीच्या सवयीप्रमाणे उत्तर तयार केले : ड्रायव्हरचे काम गाडी चालवणे; मुले सांभाळणे हे त्याच्या कामात येत नाही. हे उत्तर आम्ही संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवले. वाचून झाल्यावर मागच्या बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्या हमालाने विचारले, ‘त्ये समदं ठीक हाय. पन पट्टा पोटावर आला कसा? वझं कुनी पोटावर घेतं व्हय?’

श्रोतेहो, या विषयावर पुढे आम्ही जे जे वाचले, शब्दकोश शेजारी घेऊन परदेशी पत्रके वाचली, त्या सगळ्याचे सार या एका प्रश्नात आले होते. हमाल ओझे कुठे घेतो? पाठीच्या वरच्या भागावर, मानेच्या मुळाशी, खांद्याच्या हाडावर, कमरेच्या कडेवर. जिथे हाड आहे तिथे. नवा पोरगा पोत्याला पोट लावून उचलू लागला तर जुना हमाल त्याच्या पाठीत थाप मारतो, कारण अशा एका पोत्याने माणूस जन्माचा अधू होतो. मोटारीतला पट्टा हेही एक ओझेच आहे. एरवी ते अंगाला जाणवत नाही. धडकेच्या क्षणी मात्र सगळे एकदम अंगावर येते.

ते किती असते? गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल तर ती सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. एवढ्या वेगाने भिंतीवर आदळणे आणि सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणे सारखेच. आता समजा गाडीचे नाक चेपत चेपत ती अर्ध्या मीटरात थांबली. तेवढ्या वेळापुरते आतल्या प्रत्येक वस्तूचे ओझे सुमारे वीसपट होते. १५ किलोचे मूल ३०० किलोचे होते. आमच्या भाषेत पन्नास किलोची सहा पोती. प्रौढ पुरुषाने हातांनी उचलायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा असावी, अशी शिफारस जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९६७ साली केली. इथे चार-पाच वर्षांच्या लेकराच्या अंगावर सहा पोती येतात. ती हाडावर आली तर मूल निभावते. पोटावर आली तर काय होते ते आम्ही सांगितलेच आहे.

मोठ्या माणसाचा कमरपट्टा कमरेच्या पुढच्या दोन हाडांना अडकून राहतो. आपण हात लावून पाहिले तर ती दोन टोके बोटांना लागतात. लहान मुलाची ही हाडे अजून गोल आणि बुटकी असतात. पट्ट्याला अडकायला टोक नसते. साधारण दहा वर्षांच्या सुमारास ती नीट आकाराला येतात. शिवाय मुलाची मांडी आखूड असते. गाडीच्या बाकावर पाठ टेकून बसले तर गुडघा बाकाच्या काठापर्यंत पोचत नाही. म्हणून ते पुढे सरकते, कंबर खाली जाते आणि पट्टा पोटावर चढतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा पोटाच्या इजांना १९६२ सालीच नाव देऊन ठेवले आहे. म्हणजे प्रकार काही नवा नाही.

आता पाच पट्टे आणि बूस्टर यांतला फरक पाहा. पाच पट्ट्यांची सीट मुलाला धरून ठेवते. दोन्ही खांदे, कमरेच्या दोन्ही बाजू एवढ्या ठिकाणी ओझे वाटले जाते, आणि मांड्यांमधला पाचवा पट्टा कमरेच्या पट्ट्यांना वर चढू देत नाही. मूल झोपले, रुसले, धाकट्याला चिमटा काढायला वळले, तरी पट्टे जिथल्या तिथे राहतात. बूस्टर मुलाला धरत नाही. अजिबात धरत नाही. तो मुलाला फक्त उचलून धरतो, म्हणजे मोठ्या माणसासाठी केलेला पट्टा मुलाच्या मांडीवर खाली आणि खांद्याच्या मध्यावर येतो. धरण्याचे काम गाडीचा पट्टा करतो, आणि पट्टा जागेवर ठेवण्याचे काम कोण करते? मूल स्वतः! ते सरळ बसले तर बूस्टर उत्तम. ते घसरले की बूस्टर असून नसल्यासारखा. ही गोष्ट विकत घेताना कोणी सांगत नाही. दुकानात बूस्टर ‘मोठ्या मुलांची सीट’ म्हणून मिळतो आणि आईबापांना वाटते की ही वरची इयत्ता आहे. वरची इयत्ता खरी, पण परीक्षा मुलाची आहे, आणि ती दर प्रवासात, प्रवास संपेपर्यंत द्यावी लागते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, पाच पट्ट्यांतून मुलाला बाहेर काढण्याची घाई करू नये. सीटवर वजनाची आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते. आपल्याकडच्या कित्येक सीटांवर पाच पट्ट्यांची मर्यादा १८ किलो लिहिलेली आढळते. नव्या पद्धतीच्या काही सीटांवर वजनाऐवजी उंची देतात, बहुधा १०५ सेंटिमीटर. अमेरिकेतल्या काही सीटा जवळजवळ ३० किलोपर्यंत जातात. आपल्या सीटवर जे लिहिले असेल ते पाहावे. मूल त्या मर्यादेच्या आत आहे आणि पट्टे निघण्याची वरची फट त्याच्या खांद्याच्या खाली गेलेली नाही, तोवर त्याला तिथेच बसू द्यावे. बूस्टरसाठी निदान १५ किलो, आणि पुष्कळ ठिकाणी १८ किलो वजन मागतात; पण वजन भरले म्हणजे झाले असे नव्हे. मूल तासभर, झोपेतसुद्धा, सरळ राहील का, हे पाहावे लागते. चार वर्षांचे मूल सहसा राहत नाही. सहा-सात वर्षांचे बरेचदा राहते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. खोक्यावर ‘चार वर्षांपासून’ असे छापलेले असते. वय पाहून सीट बदलू नये. आपली मुले अंगाने बारीक. पाच वर्षांचे आणि पंधरा-सोळा किलोचे मूल आपल्याकडे घरोघर दिसते, आणि ते अजून पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये बसते. आम्ही ज्या मुलीची हकिकत सांगितली तिचे वजन इस्पितळाच्या कागदावर होते : साडेपंधरा किलो. ती जुन्या सीटमध्ये अजून आरामात मावली असती. दोन मुलांना दोन सीटा घ्यायला हव्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ. मालकाला ते परवडले नसते असेही नाही. त्याच्या मनात आले नाही.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तर पाठमोरेच बसवावे, त्यावर आम्ही वेळ घेत नाही. स्वीडनमध्ये साठच्या दशकापासून मुलांना गाडीत पाठमोरे बसवतात, आणि चार वर्षांपर्यंत बसवतात. मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड, मान कोवळी. पाठमोऱ्या सीटमध्ये डोके, मान आणि पाठ यांना एकदम आधार मिळतो.

परंतु कोणी ‘मांडीवर घेतले की झाले’ म्हणणारे असतील, आणि सभागृहात असे बरेच जण असणार, त्यांच्यासाठी टेनेसीची हकिकत सांगतो. अमेरिकेच्या या राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाने आमदारांच्या मागे लागून कायदा करून घेतला की, चार वर्षांखालच्या मुलाला गाडीत मुलांच्या सीटमध्येच बसवले पाहिजे. १९७८ सालापासून तो लागू झाला. अमेरिकेतला या प्रकारचा तो पहिला कायदा. पण मंजूर होताना आमदारांनी त्यात एक सवलत घुसवली : मोठ्या माणसाने मूल हातांत धरले असेल तरी चालेल. सँडर्स त्या सवलतीला मूल चिरडणारी सवलत म्हणत. कारण दहा किलोचे मूल धडकेत दोनशे किलोचे होते, ते कोणाच्या हातांत राहत नाही. आणि धरणाऱ्याने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर त्याचे सगळे अंग मुलावर येते. ही सवलत काढून टाकायला १९८१ साल उजाडले. कामगार कायद्यांत अशा सवलती कशा घुसतात हे आम्ही जन्मभर पाहिले आहे, म्हणून ही हकिकत वाचताना आम्हाला तिथले विधिमंडळ परके वाटले नाही.

बूस्टरला मात्र आम्ही नावे ठेवतो असे समजू नका. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चार ते सात वर्षांच्या मुलांची तुलना केली : एकीकडे नुसता मोठ्यांचा पट्टा, दुसरीकडे बूस्टर आणि पट्टा. बूस्टरवरच्या मुलांना इजा होण्याची शक्यता ५९ टक्क्यांनी कमी निघाली. तेव्हा पाच पट्ट्यांतून वाढलेल्या मुलाला बूस्टर न देता एकदम बाकावर बसवणे, ही बूस्टरवर लवकर बसवण्याहून मोठी चूक. आपल्याकडे बहुतेक हीच होते. मूल पाठ टेकून बसले असता गुडघे बाकाच्या काठावर वाकतात, कमरपट्टा मांडीवर खाली राहतो, वरचा पट्टा गळ्याला न लागता खांद्याच्या मध्यावर येतो, असे होईपर्यंत बूस्टर हवा. ते साधारण १४५ सेंटिमीटर उंचीला होते. म्हणजे पाचवी-सहावीतले मूलही पुष्कळदा बूस्टरवरच हवे. तसे सांगितले तर मूल तुमच्याशी बोलणार नाही, हे आम्ही जाणून आहोत.

काही ठिकाणी तर बूस्टरच बरा. पाच पट्ट्यांची सीट चांगली, पण ती गाडीला घट्ट बांधलेली असेल तर. ट्रकवर माल बांधणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. दोर सैल असला की माल आधी हलतो, मग दोराला हिसका बसतो, आणि मग एक तर दोर तुटतो नाही तर माल फुटतो. आमच्या सभासदांनी आपापल्या मालकांच्या गाड्यांतल्या सीटा हलवून पाहिल्या, तेव्हा बऱ्याच सीटा धरून हलवल्या की इकडून तिकडे झुलत होत्या. वरचा तिसरा पट्टा, जो बाकाच्या पाठीमागे अडकवायचा असतो आणि ज्यामुळे मुलाचे डोके पुढे कमी फेकले जाते, तो कित्येकांनी खोक्यातून काढलेलाच नव्हता. सीट जिथे बांधली आहे तिथे धरून हलवावी. बोटभरापेक्षा जास्त हलता कामा नये. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली की तो सैल. महाबळेश्वरच्या थंडीत जाड जाकिटावरून पट्टे आवळतात, तेही जाकिट दबले की सैल होतात. जाकिट काढावे, पट्टे आवळावे, वरून पांघरूण घालावे. आता ज्या कुटुंबाकडे गाडी नाही, जे आज या टॅक्सीत तर उद्या त्या टॅक्सीत बसतात, त्यांना दर वेळी ही सगळी बांधणी करणे जमत नाही. त्यांचे मूल सहा-सात वर्षांचे, अठरा किलोच्या वरचे, सांगितलेले ऐकणारे असेल, तर झुलणाऱ्या पाच पट्ट्यांपेक्षा पाठ असलेला बूस्टर नीट लावलेला बरा. तो उचलून नेता येतो आणि लावताना चुका कमी होतात. मात्र जिथे नुसता कमरपट्टा आहे, जसा पुष्कळ जुन्या गाड्यांच्या मधल्या जागेवर असतो, तिथे बूस्टर ठेवू नये. त्याला खांद्यावरचा पट्टा लागतोच.

आणि ज्यांच्याकडे मोटारच नाही, दुचाकीच आहे? आमचे बहुतेक सभासद त्यांतलेच. त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे : चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, डोक्यावर हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. पाळणारा माणूस आम्ही अजून रस्त्यावर क्वचितच पाहिला. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता ड्रायव्हरकडे येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब घातले गेले. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने सुरक्षित केलेले नसेल, तर जो गाडी चालवील, चालवायला लावील किंवा चालवू देईल, त्याला एक हजार रुपये दंड. आम्ही तयार केलेले ऐटदार उत्तर या कलमापुढे टिकत नव्हते. मूल नीट बसले आहे की नाही हे ड्रायव्हरने पाहायचे, असे कायदाच म्हणतो. पण याच कलमात ‘चालवायला लावील’ हेही शब्द आहेत. पगारी ड्रायव्हर मालकिणीला सांगू शकतो का, की बाईसाहेब, पट्टा पाठीमागून पुढे घ्या, त्याशिवाय मी गाडी हलवणार नाही? त्या रात्री आमच्या सभासदाने आरशातून ते पाहिले होते. हे त्याने आम्हाला तिसऱ्या भेटीत सांगितले, मान खाली घालून. त्याने पाहिले आणि तो बोलला नाही, कारण मागच्या महिन्यात गाडीतला पंखा कमी करू का असे विचारल्याबद्दल त्याला बोलणी बसली होती.

आम्ही मालकाकडे गेलो ते भांडायला गेलो नाही. मुलगी नुकतीच घरी आली होती. आम्ही त्यांना हाडाची गोष्ट सांगितली, वजनाचा कागद दाखवला. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. अडकवलेला पगार त्यांनी दिला. सभासद मात्र परत त्या नोकरीवर गेला नाही. मुलीसमोर उभे राहवणार नाही म्हणाला.

त्यानंतर संघटनेने ड्रायव्हरांच्या नेमणुकीच्या पत्रात एक कलम घातले. मुलांसाठी वजनाला योग्य अशी सीट मालकाने आणून द्यायची. ती बांधायची ड्रायव्हरने. आणि मूल नीट बांधलेले नसेल तर गाडी सुरू न करण्याचा हक्क ड्रायव्हरला राहील, त्याबद्दल पगार कापला जाणार नाही. शंभर किलोचे पोते उचलायला हमालाने नकार दिला त्या जातीचा हा हक्क आहे, असे आम्ही मानतो. काही मालकांनी सही केली. दोघांनी सही न करता ड्रायव्हरच बदलला. ती दोन प्रकरणे अजून चालू आहेत.

बाहेर पटांगणात फाटकाशेजारी संघटनेची गाडी उभी आहे. मागच्या बाकावर एका बाजूला पाच पट्ट्यांची सीट बांधली आहे, दुसऱ्या बाजूला बूस्टर ठेवला आहे. वजनकाटा आणि शिंप्याची टेप आहे. मुलांना घेऊन या, बसवून बघा. सीट हलवून दाखवायला तोच सभासद तिथे थांबला आहे.